न्हाणीघरातला गॅस गीझर आणि धुराची वाट



या पानावर आपण नेहमी लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडकीड, हुमणी असले विषय वाचता. या अंकात त्यांतले काही नाही. खोडवा व्यवस्थापनाचा जो लेख द्यावयाचा होता तो पुढच्या अंकी देऊ. या खेपेस आम्हांला न्हाणीघरात भिंतीला टांगलेल्या गॅस गीझरबद्दल लिहावयाचे आहे.

ऊस विकास खात्याचा आणि गीझरचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच, की गाळप सुरू झाले म्हणजे तोडणीच्या कार्यक्रमानिमित्त आमचे रोज आठ-दहा सभासदांच्या दारी जाणे होते. दारात गेले की घरात बोलावणे होते आणि घर नवे असेल तर ते दाखवलेही जाते. अलीकडच्या काही वर्षांत ज्यांनी स्लॅबची घरे बांधली त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी न्हाणीघरात टाइल्सच्या भिंतीवर ती पांढरी पेटी दिसते. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून विजेच्या गीझरपेक्षा गॅसचा बरा, हा हिशेब काही चुकीचा नव्हे. नळ सोडला की कढत पाणी. आमचाही त्यावर आक्षेप नव्हता, गेल्या जानेवारीपर्यंत.

त्या वेळी आमच्या एका गटातील सभासदांकडे आम्ही चहाला थांबलो होतो. (कुटुंबाच्या इच्छेवरून नाव-गाव देत नाही.) घर दोन वर्षांचे. त्यांनी हौसेने न्हाणीघर दाखवले. "चांगली सोय केलीत" असे आम्हीच म्हणालो. चहा घेताना घरातल्या आजी म्हणाल्या, "सगळं खरं साहेब, पर सूनबाईचं डोकं न्हायलं की धरतंय. मागल्या रविवारी उलटीबी झाली." आम्ही म्हणालो, "पित्त असेल आजी, आमसुलाचं सार देत जावा." आणि उठून फडाकडे गेलो.

अकरा दिवसांनी सकाळी गटाच्या मदतनिसाचा फोन आला. रविवार होता. आधी आजोबा न्हाले, मग नातू, आणि तिसऱ्या पाळीला सूनबाई केस धुवायला गेल्या. थंडी कडाक्याची, म्हणून खिडकीच्या झडपांत पोत्याचा तुकडा कोंबलेला. पंखा बसवायला ठेवलेल्या गोल भोकावर पुठ्ठा चिकटवलेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, पण हाकेला ओ येईना. मालक फडात टोळीवर. दारात ऊस भरायला आलेला ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता, त्याने पहारीने कडी उचकटली. त्या खाली पडलेल्या होत्या.

जवळच्या दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८ आला. ऑक्सिजन ठीक आहे, फिट आली असावी, असे सांगण्यात आले. दुसऱ्या इस्पितळात नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात पाणी कशावर तापवता?" उत्तर ऐकून त्यांनी लगेच तोंडाला मास्क लावून शुद्ध प्राणवायू सुरू केला आणि रक्त तपासायला पाठवले. चौथ्या दिवशी त्या घरी आल्या. त्यांचा जीव वाचला, पण पुढे दोन महिने त्यांना लहानसहान गोष्टींचा विसर पडत असे. चहात साखर घातली की नाही हे त्या दोन-दोनदा विचारीत.

आम्ही पित्तावर बोट ठेवले होते. पानावरचे डाग पाहून तांबेरा ओळखणाऱ्या माणसाला डोकेदुखीचे कारण समोर भिंतीवर टांगलेले असून ओळखता आले नाही. म्हणून त्यानंतर आम्ही या विषयाची जमेल तेवढी माहिती घेतली. ती पुढे देत आहोत.

वास येतो तो वेगळा, मारतो तो वेगळा

पुष्कळांची समजूत अशी, की गॅसचा धोका असला तर वास येतो. सिलिंडरमधील गॅस म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. गीझरमध्ये गॅस गळत नाही, जळतो. जळल्यावर तो वासही संपतो.

पुरेशी हवा मिळून गॅस पूर्ण जळला तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा कमी पडली तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. चुलीच्या धुराने माणूस खोकत खोकत बाहेर तरी येतो. हा वायू माणसाला जागचे हलू देत नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या ट्रॉल्या समजा. फुप्फुसात भरायचे, अंगभर जाऊन रिकामे व्हायचे, परत यायचे. कार्बन मोनॉक्साइड या ट्रॉल्यांना प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तो एकदा ट्रॉलीत बसला की गव्हाणीवर जाऊनही उतरत नाही. ट्रॉल्या फिरतात, पण माल पोचत नाही. आधी मेंदू आणि हृदय यांची उपासमार होते. डोके धरणे, गरगरणे, मळमळ, पायांतले बळ जाणे, अंधारी, आणि मग शुद्ध हरपणे. कोणाला आचकेही येतात. आपल्याकडच्या डॉक्टरांनी याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असे नाव दिले आहे. न्हाणीघरात फिट आली म्हणून मिरगीच्या गोळ्या सुरू झालेले रुग्णही त्यांच्या पाहण्यात आले आहेत.

ऑक्सिमीटरचा घोटाळाही यातच आहे. २०२०-२१ च्या करोनाच्या साथीत हे यंत्र घरोघर आले आणि त्याच्या आकड्यावर आपला विश्वास बसला. पण साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज करतो आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते. ट्रॉली भरलेली आहे एवढे त्याला कळते, आत ऊस आहे की माती हे कळत नाही. या विषबाधेत तो ९८ दाखवील आणि माणूस हातचा जाईल. खरा आकडा रक्त तपासूनच समजतो.

किती वायूने काय होते, हेही पाहून ठेवावे. हवेच्या १० लाख भागांत हा वायू १६०० भाग झाला, म्हणजे टक्क्याचा सहावा हिस्सासुद्धा नव्हे, तर २० मिनिटांत डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि एक-दोन तासांत मरण ओढवते. हेच प्रमाण सव्वा टक्क्याच्या घरात गेले तर दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते आणि १ ते ३ मिनिटांत सगळे आटोपते. दार उघडायचे लक्षात येते, पण हात उठत नाही, असे वाचलेली माणसे सांगतात ते यामुळेच.

बंब मारत नव्हता, मग गीझर का मारतो?

हा प्रश्न आम्हांला एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारला आणि तो अगदी रास्त आहे. तांब्याच्या बंबात बुरकुंडे, गोवऱ्या, काटक्या घालून आपल्या दोन-तीन पिढ्या न्हाल्या. बंबातही विस्तव होता आणि त्यातून हाच वायू निघत होता, कदाचित जास्तच. पण बंब बहुधा परसात किंवा पडवीत असे. बंबाच्या पोटातून वर गेलेली नळी हेच त्याचे धुराडे. न्हाणीही आडोशाची, वर कौले, कौलांतून ऊन दिसे, दाराला खालून वीतभर फट. विस्तवाला हवा येण्याची आणि धूर जाण्याची वाट कोणी मुद्दाम ठेवली नव्हती. ती घराच्या बांधणीतच होती.

नव्या घरात आपण वर स्लॅब घातला, भिंतीला टाइल्स लावल्या, दार फायबरचे घट्ट बसणारे केले, खिडकीला काचेच्या झडपा लावल्या. गारवा अडवला आणि त्याबरोबर हवेची वाटही बुजवली. मग परसातला विस्तव आत आणून त्या बंद खोलीत भिंतीला टांगला. विस्तव तोच, घर बदलले.

आता थोडा हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी चांगले कढत करून देणारा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा लागते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. म्हणजे गीझर पेटला की पंचवीस-तीस माणसे आपल्याबरोबर त्या न्हाणीघरात श्वास घेत उभी आहेत असे समजावे. ६ फूट बाय ४ फूट आणि ८ फूट उंच अशा न्हाणीघरात सगळी मिळून ५,४०० लिटर हवा मावते. गीझर दहा मिनिटे चालला तर २,००० लिटर हवेतला प्राणवायू संपला, आणि त्या जागी आला तो जळका वायू. हवेत प्राणवायू शेकडा २१ भाग असतो. तो १८-१९ च्या खाली उतरू लागला की ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. पहिल्याला काही होत नाही, दुसऱ्याला जरा जड वाटते, तिसऱ्याला भोवते. त्या घरी तिसरी पाळी कोणाची होती ते वर आलेच आहे. घरात शेवटी न्हाणारी आणि केसांमुळे जास्त वेळ लागणारी बहुधा बाईच असते.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना ज्योतीचे वेगळे सांगायला नको. चुलवाणात चिपाडे जास्त कोंबली आणि खालचे तोंड राखेने बुजले की जाळ पिवळा-तांबडा होतो, काळा धूर ओकतो आणि काहिलीला आधण येत नाही. राख ओढून तोंड मोकळे केले की जाळ घुमू लागतो. गीझरची ज्योतही निळी आणि ठाम असावी. पिवळी, लांबट, लवलवणारी दिसली किंवा पेटीवर काजळी धरली, तर हवा कमी पडते आहे किंवा आतली पाती चोंदली आहेत. बोअरचे पाणी जड असते. त्याच्या क्षाराने आतल्या नळ्या धरतात, काजळीने पात्यांमधल्या फटी बुजतात आणि धुराची वाट तिथेच अडते. वर्षातून एकदा, गाळप सुरू होण्याच्या सुमारास, पेटी उघडून साफ करून घ्यावी. मात्र ज्योत निळी आहे म्हणून बंद न्हाणीघर सुरक्षित झाले असे समजू नये. निळी ज्योतही हवा खातेच.

पेटी कुठे असावी

आमचे स्पष्ट म्हणणे असे, की गॅस गीझरची पेटी न्हाणीघरात असू नये. बाहेरच्या भिंतीला, छज्जाखाली, मोकळ्या हवेत असावी. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. पाच-सात फूट पाइप जास्त लागेल आणि पहिले तांब्याभर पाणी गार येईल, इतकेच. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस नियमांनुसार, खोलीतली हवा न घेणारी पूर्ण बंदिस्त पेटी सोडून दुसरे कोणतेही गॅस उपकरण स्नानगृहात बसवता येत नाही. त्यांच्याकडे थंडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी हा नियम आहे.

बंदिस्त पेटी म्हणजे काय तेही सांगतो. बाजारात ढोबळ मानाने तीन तऱ्हा मिळतात. पहिलीत धुराच्या नळीची सोयच नसते. जळका वायू पेटीच्या वरच्या फटींतून सरळ खोलीत येतो. स्वस्त आणि आपल्याकडे सर्रास दिसणारी ती हीच. ती फक्त उघड्यावर लावायची. दुसरीला वर नळी जोडण्याचे तोंड असते. धूर नळीवाटे बाहेर जातो, पण हवा मात्र ती खोलीतलीच घेते, त्यामुळे खोलीला हवेची वाट लागतेच. काही पेट्यांत धूर ढकलायला छोटा पंखा असतो, आपल्या कारखान्याच्या बॉयलरला असतो तसा. तिसरीत नळीत नळी असते. एकीतून बाहेरची हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो आणि खोलीच्या हवेशी तिचा काही संबंध येत नाही. ही महाग पडते. कोणतीही घ्या, आय.एस.आय. खूण पाहूनच घ्या. सिलिंडरच्या गॅसवरच्या घरगुती छोट्या गीझरसाठी आय.एस. १५५५८ हे मानक आहे. गोबरगॅसवाल्या सभासदांनी सिलिंडरच्या गॅसचा गीझर गोबरगॅसला जोडू नये. दोन्हींची तोटी आणि हवेचे प्रमाण वेगळे असते.

आता नळीबद्दल, कारण चुका जास्त इथेच होतात. धुराडे धूर ओढते ते कशाच्या जोरावर? आतली हवा तापून हलकी होते आणि वर चढते, तिच्या जागी खालून नवी हवा येते. चढ मिळाला तरच ती चढणार. म्हणून पंखा नसलेल्या पेटीची नळी आधी सरळ वर गेली पाहिजे, मग बाहेरच्या बाजूला चढत गेली पाहिजे. आडवी लोळवलेली, मध्ये झोळ पडलेली किंवा तीन-चार ठिकाणी वाकवलेली नळी असून नसल्यासारखी. पेटीच्या तोंडापेक्षा बारीक नळी जोडू नये. आम्ही एका ठिकाणी पाण्याच्या लाइनीतून उरलेला पी.व्ही.सी. पाइप धुराला लावलेला पाहिला. काटकसर म्हणून ठीक, पण तो पाइप उष्णतेने मऊ पडून वाकतो आणि आतून बंद होतो. नळी पत्र्याची किंवा स्टीलची हवी. तिचीही पाहणी हवी, कारण १ किलो गॅस जळला की १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने निघते. ते थंड नळीत ठिबकते आणि पत्रा आतून गंजतो. सांध्याजवळ तांबूस ओघळ दिसले तर नळी बदलावी.

नळीचे बाहेरचे टोक खरोखर बाहेर असावे. जिन्याखाली, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत, माळ्यावर किंवा दुसऱ्या खोलीच्या खिडकीशेजारी काढलेली नळी धूर फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते. टोकावर टोपी आणि जाळी असावी. उन्हाळ्यात गीझर बंद असतो. तेवढ्यात साळुंक्या त्यात काड्या भरतात, गांधीलमाश्या पोळे करतात. दिवाळीला गीझर सुरू केला की धूर परत घरात.

नळी ओढते की नाही हे घरच्या घरी पाहता येते. दार-खिडक्या नेहमी असतात तशा ठेवून गीझर पाच मिनिटे चालू द्या. (पाहणाऱ्याने दाराजवळ उभे राहावे, दुसरे माणूस बाहेर असावे.) मग पेटलेली उदबत्ती पेटीच्या वर, नळी जिथे सुरू होते तिथल्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर वाट चालू आहे. बाहेर उडाला किंवा घुटमळला तर गीझर तत्काळ बंद करून कारागीर बोलवा. हीच परीक्षा बाहेर हवा ओढणारा पंखा किंवा स्वयंपाकघरातली विजेची चिमणी लावून पुन्हा करावी. हा मुद्दा पुष्कळांना माहीत नसतो. बंद घरात जोरदार पंखा हवा बाहेर फेकू लागला की घराला हवा कुठून तरी हवीच असते आणि ती गीझरच्या नळीतून उलटी आत येते. वाफ जावी म्हणून लावलेला पंखा असा धूर घरात ओढतो.

ज्यांना पेटी बाहेर हलवायला काही दिवस लागतील त्यांनी तोवर एवढे तरी करावे. आधी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, दार-खिडकी पाच-दहा मिनिटे उघडी ठेवावी आणि मग आंघोळीला जावे. गीझर चालू ठेवून शॉवरखाली कोणीही उभे राहू नये. खिडकीतली पोती, पुठ्ठे आजच काढावेत. गार वारा आला तर येऊ द्यावा. छताजवळ आणि खाली जमिनीलगत अशी दोन्हीकडे हवेची भोके ठेवावीत. खालचे यासाठी, की न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवू नये ते याच कारणाने. आतून कडी लावू नये, किंवा बाहेरून उचकता येईल अशी लावावी. आणि न्हाणाऱ्याला दर दोन मिनिटांनी हाक मारावी, मग ते कितीही विचित्र वाटो.

खाणीत काम करणाऱ्यांना या वायूचा उपद्रव फार जुना. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात स्वतः हा वायू हुंगून प्रयोग केले आणि खाणीत माणसाच्या आधी ज्याला बाधा होईल असा लहान पक्षी न्यावा असे सुचवले. ब्रिटनच्या खाणींत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. (त्यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) आता पक्ष्याच्या जागी बॅटरीवर चालणारे, कर्कश वाजणारे लहान यंत्र मिळते. घेताना ते कार्बन मोनॉक्साइडचेच आहे ना हे विचारून घ्यावे. दुकानात गॅस गळतीचे यंत्रही तसलेच दिसते, पण ते या वायूला वाजत नाही.

पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मुला-मुलींना हे आवर्जून कळवावे. भाड्याच्या खोलीत गीझर कोणी, कधी, कसा बसवला हे भाडेकरूला ठाऊक नसते. न्हाणीघराची खिडकी बहुधा इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये उघडते आणि तिथे आधीच चार घरांचा धूर कोंडलेला असतो. तिथला पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असला तरी जळताना हवा तोही तितकीच मागतो आणि वायू तोच सोडतो. ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या मुकादमांनाही एक सांगणे आहे. थंडीत कोपीवर ताडपत्री ओढून आत निखाऱ्याची शेगडी किंवा घमेले ठेवून निजू देऊ नका. तो विस्तव गॅसचा नसला तरी हाच वायू सोडतो, आणि लेकरे जमिनीलगत निजलेली असतात म्हणून वाचतील असेही नाही. हा वायू हवेत सगळीकडे सारखा मिसळतो.

प्रसंग आलाच तर

आधी दार मोडावे. आत जाणाऱ्याने दीर्घ श्वास घेऊन, तो रोखून जावे, माणसाला ओढून मोकळ्यावर आणावे आणि गीझर व रेग्युलेटर बंद करावे. बेशुद्ध माणसाला एकट्याने उचलायच्या नादात वाचवणारा तिथेच पडल्याची उदाहरणे आहेत. विहिरीत उतरताना आपण हे जाणतो, न्हाणीघरात विसरतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, तोंडात पाणी ओतू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवावे. १०८ ला फोन करावा. आणि डॉक्टरांना न विचारता सांगावे, "गॅस गीझर चालू होता, बंद न्हाणीघरात सापडले." एवढे एक वाक्य ऑक्सिमीटरच्या आकड्यापेक्षा मोलाचे आहे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला ४-५ तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. म्हणून शुद्ध आली तरी "आता बरं वाटतंय" म्हणून घरी परतू नये. घरात इतरांचेही डोके दुखत असेल तर त्यांनाही तपासावे. गॅसचा वास येऊन गळतीच असेल तर १९०६ हा क्रमांक आहे.

गर्भवती, लहान मुले, हृदयविकार असलेले यांना कमी वायूनेही जास्त इजा होते. सणावारी माहेरवाशिणी, पाहुणे येतात, आंघोळींची रांग लागते, त्या दिवशी गीझर तासभर अखंड चालतो. तो दिवस सर्वांत वाईट.

दरवर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी आपल्या कारखान्यात चिमणी, पंखे, नळ्या सगळे उघडून तपासले जाते आणि बॉयलर निरीक्षक येऊन पाहून जातात. घरातल्या या छोट्या बॉयलरला निरीक्षक नाही. म्हणून या हंगामात ऊस नोंदीची पडताळणी करायला आमचे मदतनीस घरी येतील तेव्हा ते गीझरही पाहतील. कोणी राग मानू नये. दुरुस्ती ते करणार नाहीत. पेटी कोणत्या तऱ्हेची आहे आणि नळी कुठे निघते एवढे पाहून कागदावर लिहून देतील.

त्या सभासदांच्या घरी आम्ही परवा जाऊन आलो. पेटी आता मागच्या भिंतीला, छज्जाखाली आहे. आजींची तक्रार अशी, की पश्चिमेचा वारा सुटला की ज्योत विझते आणि पुन्हा नळ बंद-चालू करावा लागतो. मालक म्हणाले, चारी बाजूंनी पत्रा ठोकून टाकतो. तसे न करता फक्त पश्चिमेला एक पत्रा उभा करा, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या ठेवा, असे सांगून आलो आहोत.

— ऊस विकास अधिकारी